लेकराच्या नजरेतून रझाकारी: कथेतला उजेड आणि अंधार कसा लिहावा

मराठवाड्यात नव्यानं लिहू लागलेल्या माणसाला रझाकारीवर, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात रझाकार या सशस्त्र संघटनेनं माजवलेल्या जुलमाच्या काळावर, कथा लिहावीशी वाटली, तर ती बहुधा घरातूनच येते. आजीनं किंवा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं सांगितलेली एक रात्र डोक्यात बसलेली असते. सांगणारं माणूस तेव्हा सहा-सात वर्षांचं, म्हणून कथाही आपोआप लेकराच्या नजरेतून उतरते. इथवर ठीक चालतं. पुढे मात्र अंधार म्हणजे जुलूम आणि उजेड म्हणजे स्वातंत्र्य असा हिशेब मांडला जातो. पहिल्या पानावर काळरात्र, शेवटच्या पानावर निजाम शरण आला त्या १७ सप्टेंबरचा सूर्योदय. अशा कथेत लेकरू नावालाच राहतं. बोलत असतो तो ध्वजवंदनाच्या कार्यक्रमातला वक्ता.

त्या रात्री लपून बसलेल्या लेकराला काय हवं होतं ते बघा. त्याला अंधार हवा होता. भीती होती ती उजेडाची, कारण उजेड कुणाच्या तरी हातात होता आणि तो हात घराघरातून फिरत होता. म्हणून माझा सगळा भर एकाच प्रश्नावर आहे: दिवा कुणाच्या हातात आहे? याचं उत्तर प्रत्येक प्रसंगात पक्कं केलंत तर प्रतिमा शोधत बसावं लागत नाही. खालच्या पायऱ्या त्याच उत्तराकडे नेणाऱ्या आहेत. क्रम थोडा मागेपुढे केला तरी चालेल, पहिली पायरी तेवढी आधी करा.

पायरी पहिली: तारीख ठरवा आणि पंचांग उघडा

"१९४८ सालची एक रात्र" एवढ्यावर भागत नाही. निजाम आणि भारत सरकार यांच्यातला जैसे थे करार २९ नोव्हेंबर १९४७ला झाला आणि भारताच्या फौजा १३ सप्टेंबर १९४८ला संस्थानात शिरल्या. मधल्या साडेनऊ महिन्यांतली नेमकी कोणती रात्र तुमची आहे? थंडीतली, उन्हाळ्यातली की पावसाळ्यातली? यावर उजेड बदलतो.

गाव जळाल्याचा प्रसंग घ्या. आग कशाला लागली? कडब्याच्या गंजीला म्हणाल तर महिना बघा. रब्बीची ज्वारी निघाली की उन्हाळ्याच्या तोंडाशी गंजी भरलेल्या असतात. तेव्हा पेटलेली गंज दोन-चार गावांना दिसते. तीच गंज भाद्रपदात जनावरांनी खाऊन तळाला गेलेली असते आणि उरलेला कडबा पावसानं ओलसर. त्यातून जाळापेक्षा धूर जास्त निघतो. सप्टेंबरच्या रात्री आभाळाला भिडलेल्या कडब्याच्या ज्वाळा लिहिल्यात तर शेतकरी वाचक तिथंच थांबतो.

चंद्राचंही तसंच. १८ सप्टेंबर १९४८ला पौर्णिमा होती. म्हणजे १३ तारखेला भाद्रपद शुद्ध दशमीच्या आसपासचा चंद्र, मध्यरात्र उलटल्यावर मावळणारा. फौजा सोलापूरकडून नळदुर्गाच्या रोखानं निघाल्या त्या भल्या पहाटे, म्हणजे चंद्र मावळल्यानंतर. तुमचं लेकरू नळदुर्गाजवळच्या गावातलं असेल तर रात्रीच्या पहिल्या दोन प्रहरांत त्याला माळवदावरून, म्हणजे घराच्या धाब्यावरून, शेजारची माळवदं दिसतील, पहाटे काही दिसणार नाही. आणि १७ तारखेला, निजामाच्या शरणागतीच्या दिवशी, अनंत चतुर्दशी होती. त्या रात्री चंद्र जवळजवळ पुरा. ढग आडवे आणायचे की नाही ही तुमची मर्जी, भाद्रपद आहे, कुणी हरकत घेणार नाही. अमावास्येचा काळोख मात्र त्या आठवड्यात आणता येत नाही.

पायरी दुसरी: घरातल्या उजेडाची यादी करा

खेड्यात वीज नव्हती. म्हणजे प्रत्येक उजेडाला एक वस्तू, एक वास आणि एक मालक होता. वहीत यादी करा, कथेत सगळं येणार नसलं तरी.

चिमणी: पत्र्याची किंवा बाटलीची, वात उघडी, काजळी धरणारी. वाऱ्याच्या झुळकीनं जाते. स्वयंपाकघरात हीच. कंदील: काचेमुळे वाऱ्यात टिकतो, म्हणून अंगणात, गोठ्यात, वाटेवर हा. गॅसबत्ती: पंप मारावा लागतो, सूं सूं आवाज करते, पांढराफटक उजेड देते. ती लग्नात, कीर्तनात, नाही तर पाटील-देशमुखांच्या वाड्यावर. हातातली बॅटरी असलीच तर अंमलदाराकडे. चुलीचा जाळ, देवापुढचं निरंजन, गोंधळातली पोत, मोहरमच्या सवारीपुढच्या मशाली. यातल्या कोणत्या वस्तू तुमच्या कथेतल्या घराला परवडत होत्या तेही लिहा. त्या वर्षी संस्थानची नाकेबंदी चालू होती, त्यामुळे घासलेट जपून जाळणारं घर दाखवलंत तर ते खोटं वाटणार नाही.

दिवसाचा उजेडही यादीत घ्या. धाब्याच्या घराला, म्हणजे माळवदाला, वर एक भोक ठेवलेलं असतं, साणं. खाली खोलीत अंधार आणि त्यातून एकच उन्हाची तिरीप. ती दिवसभर सारवलेल्या जमिनीवरून सरकत जाते. घड्याळ नसलेल्या घरात लेकराला वेळ कळायची ती यावरून: तिरीप जात्यापाशी आली की आजा शेतातून येणार, उतरंडीवर चढली की दिवस कलला. आता हे साणं झाका. बाहेर गडबड आहे म्हणून बापानं वरून दगड ठेवला. लेकराला कुणी काही सांगितलेलं नाही, पण आज तिरीप नाही म्हणजे आज वेळच नाही. लढाई घरात शिरल्याची याहून चांगली खूण मला तरी सुचत नाही, आणि ती लिहायला एकही विशेषण लागत नाही.

कंदिलाच्या बाबतीत एक बारकावा. संध्याकाळी राखेनं काच पुसायचं काम पुष्कळ घरांत लेकरांकडे असायचं, कारण मोठ्यांचा हात काचेत शिरत नाही. म्हणजे उजेड स्वच्छ ठेवणं ही लेकराचीच जबाबदारी. ज्या संध्याकाळी माय म्हणते, "राहू दे, आज काच पुसू नको," त्या संध्याकाळी कथा सुरू करता येईल.

पायरी तिसरी: लेकराचं वय आणि उंची धरून ठेवा

चार वर्षांचं लेकरू आणि नऊ वर्षांचं लेकरू यांना एकच रात्र वेगळी दिसते. चार वर्षांच्याला सावली आणि माणूस यांत फरक करायला वेळ लागतो. नऊ वर्षांच्याला कुणाच्या हातात काय आहे ते कळतं, का आहे ते कळत नाही. माझा सल्ला सहा ते आठ. त्याला बघता येतं, मोजता येतं, शब्द पाठ असतात, अर्थ अर्धे असतात.

उंची म्हणजे खरोखरची उंची. कंदील हातात धरला की तो मोठ्या माणसाच्या मांडीशी येतो, लेकराच्या मात्र तोंडासमोर. त्याला चालणाऱ्यांचे पाय, धोतराचे काठ, वहाणा उजेडात दिसतात आणि चेहरे वर अंधारात राहतात. मोठ्यांच्या चेहऱ्यांवरचे भाव टिपणारा सात वर्षांचा निवेदक आला की समजावं, लेखकानं त्याला खांद्यावर घेतलंय. भाषेलाही हेच लागू. "तिमिर", "तेजोवलय", "आशेचा किरण" हे लेकराच्या तोंडी नको, आणि निवेदन त्याच्या नजरेतून असेल तर निवेदनातही नको.

इतिहासही त्याला त्याच्या उंचीवरूनच कळू द्या. कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. लातूरच्या लेकराला तो आधी कदाचित नुसता वकीलसाहेब असेल. "रझाकार संघटनेचा नेता" हे वाक्य मोठ्यांच्या बैठकीतलं आहे, ढाळजेत बसलेल्यांच्या तोंडून तुटक तुटक ऐकू आलं तर चालेल.

पायरी चौथी: तोच उजेड आधी भला दाखवा, मग फिरवा

नवे लेखक इथे घाई करतात. मशाली थेट हल्ल्याच्या रात्रीच येतात, मग त्या कुठल्याही सिनेमातल्या मशाली होतात. लेकराला मशाल त्याआधी कुठे भेटली होती? वरातीत. गोंधळात, पोत नाचवताना. मोहरमच्या सवारीत, जिथे हिंदूंची पोरंही धावायची. मशालींची रांग गावाकडे येताना दिसली तर त्याच्या मनात पहिल्यांदा काय येईल? कुणाचं तरी लगीन. ते आनंदानं ओरडेल, आणि कुणी तरी त्याच्या तोंडावर हात ठेवेल. त्या क्षणी मशालीचा अर्थ बदलतो आणि तो बदलताना वाचक हजर असतो.

यासाठी कथेत आधी कुठे तरी, दोन-चार ओळींत, वरात किंवा सवारी होऊन गेलेली असावी. फार सजवू नका. मशालीचं तेल हातावर ओघळून चटका बसला एवढी एक आठवणही पुरे.

फौजेच्या ट्रकांचे दिवे हाही असाच विषय. खेड्यातल्या ज्या लेकरानं विजेचा दिवाच पाहिलेला नाही, त्याला न हलणारा, न फडफडणारा, वास नसलेला उजेड पहिल्यांदा दिसतो तो लष्कराच्या गाडीचा. तो सुटका घेऊन आलेला आहे हे मोठ्यांना माहीत आहे. लेकराला तो गॅसबत्तीपेक्षा भयंकर वाटू शकतो. वाटू द्या.

पायरी पाचवी: डोळा अंधारात कसा पाहतो ते माहीत असू द्या

ही पायरी कोरडी आहे, पण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून लपायला गेलेल्या लेकराला पहिल्यांदा काहीच दिसत नाही, मग हळूहळू कडा, मग वस्तू. एवढ्यात कुणी दिवा समोर धरला तर सगळी कमाई क्षणात जाते. चांदण्यात रंग कळत नाहीत. लाल तर काळाच दिसतो. चांदण्यात सांडलेलं लालभडक रक्त लिहू नका. लेकराला ते पाणी वाटेल, तेल वाटेल; सकाळी तिथंच तांबडं दिसेल. ही सकाळ लिहायला धीर लागतो, पण प्रसंगाचं खरं वजन तिच्यात असतं.

हातात कंदील असलेल्याला उजेडाच्या रिंगणापलीकडचं दिसत नाही, रिंगणाबाहेरच्याला मात्र तो लांबून दिसतो. म्हणजे लपलेलं लेकरू शोधणाऱ्याला पाहू शकतं आणि शोधणारा त्याला पाहू शकत नाही. नजरेची ही सत्ता त्या रात्री लेकराकडे होती.

तोफेचा किंवा स्फोटाचा लखलखाट आधी, आवाज मागून. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद धरा. कोसभर अंतरावरचा स्फोट दिसल्यावर आवाज यायला नऊ-दहा सेकंद. विजेच्या कडकडाटाचा हा खेळ लेकरांना माहीत असतो. ते आकडे मोजतील. एकदा आकडे कमी झाले की काही सांगावं लागत नाही.

पायरी सहावी: लपायची जागा नीट पाहून या

बळद आणि पेव या दोन जागा अशा कथांत सारख्या येतात आणि त्यांची सरमिसळ होते. बळद घरातच, भिंतीच्या आत धान्य साठवायची जागा. पेव जमिनीखाली: तोंड अरुंद, आत पोट मोठं. पेवात लेकराला उतरवणार असाल तर एक गोष्ट माहीत हवी. बंद पेवात हवा कोंदते, तीत माणूस गुदमरून मरतो. म्हणून जाणती माणसं आत उतरण्याआधी दोरीला बांधून पेटता दिवा सोडायची. दिवा गेला तर उतरायचं नाही. आता प्रसंग बघा: वर मशाली आल्या आहेत, लपायला पेवाशिवाय जागा नाही, आणि खाली सोडलेला दिवा विझला. इथे उजेड-अंधाराचा प्रश्न जगायचं कुठे इतका सरळ होतो. मला हा प्रसंग कुणी लिहिलेला वाचायला आवडेल.

जुनी धाब्याची घरं, गढ्या, पेवं अजून पुष्कळ गावांत पडीक का होईना आहेत. दिवसा जा, घरमालकाला विचारून आत बसा, दार ओढून घ्या. फटीतून किती दिसतं ते पाहा. विंचवाचं बघून बसा, हे गंमतीनं म्हणत नाही.

पायरी सातवी: एक प्रसंग लिहा आणि अंधाराचं विशेषण काढा

नेहमी हातात पडणारा पहिला खर्डा साधारण असा असतो: "काळ्याकुट्ट अंधाराच्या राक्षसानं अख्खं गाव गिळलं होतं. त्या अंधारात माझ्या चिमुकल्या मनात आशेची एक पणती मात्र तेवत होती." यात गाव नाही, घर नाही, पणती तर नाहीच.

तोच प्रसंग असा लिहिता येईल:

"फळीच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत आली आन ज्वारीवर पडली. मी पाय आखडून घेतला. रेघ सरकली. बाहेर कुणी तरी कंदील या हातातून त्या हातात घेतला असंल. आधी भिंतीवर सावली चढली, पार आढ्यापर्यंत, मग बूट दिसले. एका बुटाची नाडी सुटली होती. मायचा हात माझ्या तोंडावर होता, त्याला लसणाचा वास येत होता. 'इदर क्या है?' 'जवारी हाय, साहेब,' आजा म्हणला. कंदील वर झाला तसं आजाचं तोंड दिसलं. आजा हसत होता. असं हसताना मी त्याला कधी पाह्यलं नव्हतं."

यात अंधार हा शब्दच नाही. उजेड जेव्हा जेव्हा हलतो तेव्हा कुणाच्या तरी हातानं हलतो. नाडी सुटल्याचं लेकराला दिसतं, कारण त्याची नजर तेवढीच जाते आणि नाडी सुटली की पडायला होतं हे त्याला नुकतंच कुणी शिकवलेलं असतं. आजाच्या हसण्याचा अर्थ वाचक लावतो, लेकरू नाही. तुमच्या खर्ड्यात पेन्सिलीनं उजेडाच्या प्रत्येक उल्लेखाखाली रेघ मारा आणि समासात लिहा: कुठून आला, कुणाच्या हातात. जिथे उत्तर सुचत नाही ती ओळ खोडा.

पायरी आठवी: १७ सप्टेंबरला थांबू नका

कथा सूर्योदयावर संपवायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण मराठवाड्यातला तो महिना तिथे संपला नाही. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारताच्या त्या लष्करी कारवाईच्या, काळात आणि नंतर संस्थानात अनेक ठिकाणी मुसलमानांवर हल्ले झाले. चौकशीसाठी भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. सगळ्यात जास्त झळ पोचलेल्या जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद आणि नांदेड ही आपल्याकडची दोन नावं घेतली आहेत. हा अहवाल लोकांसमोर यायला २०१३ साल उजाडावं लागलं.

म्हणजे सप्टेंबरात एक लेकरू बळदातून बाहेर आलं, तेव्हा दुसऱ्या गल्लीतलं त्याच्याच वर्गातलं दुसरं लेकरू लपत होतं. तीच फट, तसाच कंदील, हात वेगळे. हात ओळखीचेही असतील. तुमची कथा पहिल्या लेकराचीच राहू द्या, पण त्याला हे दिसलं असेल का, एवढं विचारा. त्याच्या घरातून बाहेर पडलेला कंदील कुठे गेला होता?

त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबर संपता संपता आली, जेमतेम सहा आठवड्यांनी. लेकरू पणत्या लावत गल्लीतून जातं आणि कोणत्या दारात पणती नाही ते मोजतं. काही दारांत कधीच नसायची, ती मुसलमानांची. पण आत चिमणी असायची. यंदा ती आहे का? असा प्रसंग लिहायचा झाला तर दोन्हीकडच्या हिशेबाची वजाबाकी करत बसू नका. लेकराला वजाबाकी हातचे घेऊन येत नाही अजून.

पायरी नववी: विचारायला जा, पण दिव्याबद्दल विचारा

त्या वेळी सहा-सात वर्षांची असलेली माणसं आज ऐंशी ओलांडून गेली आहेत, तेव्हा हे काम पुढे ढकलू नका. "तेव्हा तुम्हाला भीती वाटली का?" असं विचारलंत तर ठरलेलं उत्तर येतं, सत्काराच्या वेळी दिलेलं. त्याऐवजी विचारा: दिवा कुठे ठेवायचे? त्या रात्री लावला होता का? कुणी मालवला? घासलेट कुठून आणायचे? वस्तू हातात आली की माणसं रात्र आपोआप सांगू लागतात. मध्ये बोलू नका, तारखा दुरुस्त करू नका, आणि तिसऱ्यांदा सांगताना तपशील बदलला तर दोन्ही लिहून ठेवा. नाव, गाव, घराची ओळख कथेत बदलून टाका. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांची परवानगी तोंडी का होईना घ्या. मुसलमान मोहल्ल्यातही जा. तिथे एखाद वेळेस नुसता चहा पिऊन परत यावं लागेल, मग पुन्हा जा.

खर्डा झाला की तो यांच्यापैकीच एखाद्या आजीला किंवा काकांना वाचून दाखवा. साहित्याबद्दल त्यांना काही म्हणायचं नसतं, वस्तूंबद्दल असतं. पेटता कंदील कुणी बाहेरूनच फुंकून मालवला असं लिहिलं असेल तर त्या तिथंच अडवतील, कारण आधी काच वर करावी लागते किंवा वात खाली घ्यावी लागते. काच वर करताना तिची कडी करकरते. लपलेल्या लेकराला तोही आवाज ऐकू जातो, ते वाक्य वाढवून घ्या.